बुधवारच्या बाजारातली फ्रेम: खरं जुनं एनग्रेव्हिंग की फसलो?

गोदाकाठचा:
मंडळी मदत पाहिजे. काल नाशकात गंगेवर (गोदाकाठी) बुधवारच्या बाजारात एक फ्रेम मिळाली, पाचशे सांगत होता तीनशेला दिली. कोटवाला माणूस विजांमध्ये पतंग उडवतोय, दोऱ्याला किल्ली, शेजारी लहान पोरगं, म्हणजे विजेचा प्रयोग करणारा बेंजामिन फ्रँकलिन हे कळलं. विकणारा म्हणे एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या कोरलेल्या प्लेटवरून छापलेलं, दोनशे वर्षं जुनं. कसं ओळखायचं?

नाशिकरोडकर:
आधी काच काढ. वडील नोट प्रेसला होते, त्यांनी शिकवलेलं सांगतो. शंभरच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरव, उंचवटा लागतो ना? कोरलेल्या रेघेत शाई भरून कागद जोरात दाबला की शाई अशी उचलून येते, तांब्याच्या प्लेटचं असेल तर तसंच थोडंफार लागेल आणि चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबका ठसा दिसेल, कुणी कापला नसेल तर. आणि भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, अलीकडची छपाई.

येवलेकर:
छपाईतलं शून्य कळतं, पतंगातलं कळतं 😄 हात किल्लीच्या वर आहे का खाली ते बघ. फ्रँकलिनने १७५२ मध्ये लिहिलेली पद्धत अशी, पतंग रेशमी रुमालाचा, दोरा साधा, तो भिजला की वीज वाहून आणणार, दोऱ्याच्या टोकाला किल्ली आणि तिथूनच हातात धरायला रेशमी फीत, ती कोरडी राहावी म्हणून दाराखिडकीच्या आत उभं राहायचं. रेशीम वीज जाऊ देत नाही (पैठणीच्या गावाला हे माहीत पाहिजे). हात किल्लीच्या वर असेल तर वीज अंगातूनच जमिनीत जाणार, किल्लीत ठिणगी कुठून येणार? १८७६ च्या करियर अँड आइव्ह्ज या अमेरिकन चित्रछपाई कंपनीच्या गाजलेल्या चित्रात हीच चूक आहे, आणि ते मुळात लिथोग्राफ, दगडावरून छापलेलं, एनग्रेव्हिंग नाहीच. पोरगाही त्यात लहान दाखवलाय, फ्रँकलिनचा खरा मुलगा विल्यम तेव्हा विशीचा होता.

गोदाकाठचा:
काढली काच. हात वर. बोटाला काही लागत नाही, मोबाईलने झूम केलं तर ठिपकेच ठिपके 😭

नाशिकरोडकर:
फ्रेम सागवानी असेल तर तीनशे वसूल.

गोदाकाठचा:
प्लायवुड.

येवलेकर:
संक्रांतीला घेऊन ये, आसारीशेजारी (दोरा गुंडाळायची चक्री) टांगू. आणि पतंगावर वीज पडली नव्हती बरं का, ढगातला भार दोऱ्याने खाली आला एवढंच. १७५३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमन नावाचा शास्त्रज्ञ घरात लोखंडी सळीवर असलाच प्रयोग करताना खरंच गेला, त्यामुळे पावसात पतंग घेऊन गच्चीवर जाऊ नकोस.