नेमका चॅनेल २ च धरत नाही, बाहेरचा ॲन्टेना कोणता घ्यावा? (नेपरव्हिल, शिकागो)

खिडकीतली_कुंडी
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, डाउनटाउनपासून अठ्ठावीसेक मैलांवर. केबल कोणी बघत नाही म्हणून मार्चमध्ये बंद केली आणि एप्रिलमध्ये सांगलीहून आई आली, सहा महिन्यांसाठी. तिला सकाळी दहाला चॅनेल २ वर लागणाऱ्या, वस्तूंच्या किमती ओळखायच्या खेळाचा नाद लागलाय. इंग्रजी बेताचंच, पण भाव कळतात. कोणी साबणाचा आकडा चुकवला की इकडे सोफ्यावरून ओरडते.

आणि नेमका २ च धरत नाही. खिडकीला कागदासारखा चपटा ॲन्टेना चिकटवलाय, खोक्यावर "२५० मैल, ८के" लिहिलेलं. ५, ७, ११, ३२ अगदी स्वच्छ. २ लागलाच तर चित्राचे चौकोन चौकोन आणि आवाज तुटक. पडद्याच्या दांडीवर, फ्रिजवर, एकदा तर आईच्याच हातात देऊन पाहिला. ती म्हणाली, यासाठी बोलावलंस होय मला?

शंभर-सव्वाशे डॉलरपर्यंत बाहेरचा कोणता घ्यावा? बूस्टर हवा का? शिवाय आमच्या एचओएने (वसाहतीतल्या घरमालकांची संस्था) मागे शेजाऱ्यांना डिशवरून पत्र पाठवलं होतं, ती धास्ती वेगळीच.

तारवाला
खोक्यावरचे मैल सोडून द्या. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांपलीकडे टॉवर क्षितिजाखाली जातो. आणि ८के ॲन्टेना असं काही नसतं, चित्र किती बारीक आहे हे धातूच्या काडीला कुठून कळणार!

तुमचा घोळ वेगळाच आहे. २ हे नुसतं पाटीवरचं नाव. २००९ मध्ये ॲनालॉग बंद झालं तेव्हापासून डब्ल्यूबीबीएम (तुमच्या २ चं स्टेशन) प्रत्यक्षात १२ वर आहे, म्हणजे २०४ ते २१० मेगाहर्ट्झ, व्हीएचएफ हा लांब लहरींचा पट्टा. तुमचे ५, ७, ११, ३२ हे सगळे प्रत्यक्षात यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींवर. १२ ची अर्धी लहर जवळजवळ ७२ सेंटीमीटर भरते, यूएचएफची पंचवीस-तीसच्या आसपास. फूटभराचा कागद ती लांब लहर नीट धरत नाही, तो खिडकीला लावा नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा.

तेव्हा घेताना वर्णनात "हाय-व्हीएचएफ" (व्हीएचएफचा वरचा भाग, १२ त्यातच येतो) शोधा आणि फोटो नीट बघा: फुलपाखरासारख्या यूएचएफच्या भागाशिवाय दोन लांब काड्या वेगळ्या दिसायला हव्यात, टोकापासून टोकापर्यंत अडीचेक फूट. त्या नसल्या तर कितीही महाग असो, परत ठेवा. फिरवायची मोटर नको. हे चॅनेल जिथून सुटतात ते शिकागोतले विलिस आणि हॅनकॉक दोन्ही टॉवर तुमच्याकडून एकाच बाजूला, पूर्वेला किंचित उत्तरेकडे झुकून. पुण्यात जसे सगळे ॲन्टेना सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून असायचे, तसं.

बूस्टर आधी नकोच. एवढ्या जवळून सिग्नल दणकट येतो, तो आणखी फुगवला तर ट्यूनर गुदमरतो आणि चालणारे चॅनेलही जातात. स्प्लिटर लावून तीन-चार टीव्हींना वाटायचं असेल तर मग बघू. ॲन्टेनाची केबल आरजी-६ प्रकारची घ्या, आणि ॲन्टेना हलवला की दर वेळी नव्याने स्कॅन.

गच्चीवरचा_कावळा
एचओएचं मनावर घेऊ नका. एफसीसीचा (अमेरिकेचं प्रसारण-दूरसंचार खातं) १९९६ चा नियम आहे, ओटार्ड म्हणतात. स्वतःच्या मालकीच्या, फक्त तुमच्याच वापरातल्या जागेत टीव्हीचा ॲन्टेना लावायला ते आडकाठी करू शकत नाहीत. छताच्या वर बारा फुटांपेक्षा उंच खांब असेल तर परवानगी मागू शकतात, पण तेवढा तुम्हाला लागणारच नाही. टाउनहाउस असून छत सामाईक असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

बाहेर लावलात तर अर्थिंग टाळू नका. खांबाची आणि केबलची तांब्याची तार घराच्या मूळ अर्थिंगलाच जोडायची. अंगणात वेगळी सळई ठोकून मोकळे होतात काही जण, तसं नको.

पण मी म्हणेन, आधी ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, ठेवून बघा. सिग्नल थोडा कमी होईल, पण शिडी नको, वीज पडायची भीती नको, एचओएही नको. फक्त भिंतीला बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या (साइडिंग) किंवा छताखाली चंदेरी फॉइल नाही ना, ते बघून घ्या.

खिडकीतली_कुंडी
दहा दिवसांनी लिहितेय. काड्यावाला घेतला, एकोणऐंशी डॉलर. साइडिंग व्हिनाइलची, म्हणजे प्लॅस्टिकची आहे, म्हणून ॲटिकमध्येच, पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीला टेकवून ठेवला. नवऱ्याने होकायंत्र लावून कोन जुळवला, मी खाली स्कॅन केलं. २ लागला!

आणि मंगळवारी बरोबर दहाला परत चौकोन. डोकं फिरायची वेळ. मग लक्षात आलं, नवरा गॅरेजमधून गाडी काढत होता आणि दार उघडणाऱ्या मोटरचा दिवा लागलेला. दिवा विझला की चित्र साफ. तीनदा लावून-विझवून बघितलं, तीनदा तेच.

तारवाला
एलईडी असणार. स्वस्त बल्बमधलं सर्किट व्हीएचएफमध्ये खरखर सोडतं, यूएचएफला सहसा त्रास होत नाही. गॅरेजच्या मोटरसाठी वेगळे, कमी खरखरीचे बल्ब मिळतात. बदलून बघा.

खिडकीतली_कुंडी
बदलला, गेला त्रास. आज आईने टोस्टरचा भाव तीस डॉलर सांगितला, निघाला एकोणतीस. आता विचारतेय, त्या कार्यक्रमात नाव कुठे नोंदवायचं.