मुलग्यांचं वेगळं, मुलींचं वेगळं? तुमच्या घरी कोण काय बघतं?

आमच्या घरात सोळाची मुलगी, चौदाचा मुलगा आणि टीव्ही एकच. परवा रात्री काय लावायचं यावरून चाळीस मिनिटं जुंपली. तिला कोरियन प्रेमकथा हवी, याला झोंबी. शेवटी टीव्ही बंद आणि जो तो आपापला फोन घेऊन खोलीत. मारधाड, विज्ञानकथा आणि भयपट मुलग्यांचे, प्रेम आणि नातीगोती मुलींची, असं आपण धरून चालतो. सर्वेक्षणांतही साधारण असाच कल पुन्हा पुन्हा दिसतो. पण तो झाला सरासरीचा हिशोब. आमच्या घरी सरासरी राहत नाही, ही दोघं राहतात. तर तुमचे किस्से येऊ द्या, स्वतःच्या तेराव्या-चौदाव्या वर्षातलेही चालतील. उपदेश नकोत.

*

आमच्या घरी सगळ्यांचं मिळून एकच प्रोफाइल होतं, त्यामुळे कोण काय बघतंय ते आपोआप कळायचं. एकदा अर्धवट पाहिलेल्यांच्या रांगेत एक कॉलेजातली प्रेमकथा सगळ्यात पुढे दिसली. सातवा भाग, बत्तिसावं मिनिट. मला वाटलं लेक बघतेय. ती म्हणाली, "आई, मी अजून तिसऱ्यावरच आहे." नवरा दहाला घोरायला लागतो. राहिला कोण? पंधरा वर्षांचे चिरंजीव, जे मित्रांसमोर याच मालिकेला 'रडकी' म्हणतात!

मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी बघते तर ती मालिका रांगेतून गायब. पुसायचं कसं ते शिकून घेतलं होतं पठ्ठ्यानं. मग एकदा जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "त्या हिरोनं तिला ते पत्र द्यायला नको होतं बाई." तर हा ताडकन, "दिलं नाही त्यानं, तिला सापडलं!" आणि मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. लेक ठसका लागेपर्यंत हसली. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण मलाही आवरत नव्हतं.

आता त्याला वेगळं प्रोफाइल करून दिलंय, पासवर्डसकट. काय बघतो, माहीत नाही.

*

माझं नेमकं उलटं. मी मुलगी, आणि नववीपासून भयपटांची वेडी. घोळक्यानं बघायला बसलं की बाकीच्या किंचाळायच्या आणि मी मेकअप कसा केला असेल ते न्याहाळत असायचे. एकदा मैत्रीण कानात कुजबुजली, "थोडी तरी घाबर ना, विचित्र दिसतंय." पुढच्या खेपेला मी घाबरले. म्हणजे, तसं दाखवलं.

पुढे मानसशास्त्र शिकताना डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांचा १९८६ सालचा प्रयोग वाचला आणि ती कुजबुज आठवली. कॉलेजच्या मुलामुलींना एकेका अनोळखी जोडीदाराबरोबर भयपट दाखवला. तो जोडीदार प्रयोग करणाऱ्यांच्याच गोटातला, कधी घाबरल्याचं तर कधी बेडर असल्याचं नाटक करणारा. शेजारची मुलगी घाबरलेली असली की मुलग्यांना सिनेमा जास्त आवडला, आणि शेजारचा मुलगा बेडर असला की मुलींना. सिनेमा दोन्हीकडे तोच! तेव्हापासून कुणी "मुलींना भयपट आवडत नाहीत" म्हटलं की मी विचारते, शेजारी कोण बसलं होतं?

*

मी सतरा. आमच्याबद्दल एवढी चर्चा आणि आमच्यापैकी कुणीच नाही, म्हणून लिहितोय. मित्र गेममध्ये गोळ्या झाडत सुटतात. मी त्यातल्या पात्रांशी बोलत बसतो, प्रत्येकाची गोष्ट ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. मित्र म्हणतात, तू गेम खेळतोस की समुपदेशन करतोस? बास, एवढंच.

*

शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे हे रोजचंच. मुली 'मुलग्यांची' पुस्तकं बिनदिक्कत नेतात. अंतराळ, खून, युद्ध, काहीही. मुलगा मात्र पुस्तक उचलताना आधी मुखपृष्ठ बघतो, मग मागे कोण उभं आहे ते. मुलीनं कुंपण ओलांडलं तर ती धीट ठरते, मुलग्यानं ओलांडलं तर त्याची टिंगल होते. त्यामुळे मुलग्यांना खरंच काय आवडतं हे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

प्रकाशकांना ही भीती फार पूर्वीपासून. १९९७ मध्ये जोअन रोलिंगचं पहिलं 'हॅरी पॉटर' आलं तेव्हा बाईचं नाव बघून मुलगे ते घेणार नाहीत म्हणून 'जे. के.' अशी नुसती आद्याक्षरं छापली. त्यातला 'के' तर तिच्या नावात नव्हताच, आजीच्या कॅथलीन नावावरून घेतला. त्याआधी तीस वर्षं, १९६७ मध्ये, एस. ई. हिंटनचंही तेच. टोळ्यांतल्या पोरांवरची कादंबरी, आणि लिहिणारी शाळकरी मुलगी!

गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. गुलाबी मुखपृष्ठांच्या दहाबारा पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली आणि वर फक्त पहिलं वाक्य लिहिलं. तीन मुलग्यांनी नेली. दोघांनी काही न बोलता परत केली. तिसरा मधल्या सुट्टीत काउंटरवर रेंगाळला आणि इतरांची पाठ वळल्यावर म्हणाला, "मॅडम, याचा पुढचा भाग आहे का? कव्हर घातलेला."

*

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून विरोधी मत नोंदवतो. आमची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. घर तेच, पुस्तकं तीच, तरी आवडी वेगळ्याच. सगळं काही समाजानं लादलेलं नसतं हो. दोघंही गुन्हेकथा बघतात, तेही एकत्र. पण शेवट झाला की ती विचारते, "त्यानं असं का केलं?" आणि हा म्हणतो, "कॅमेरा बंद करायला विसरला म्हणून सापडला, येडा." प्रकार एकच, बघणं निराळं. याला काय म्हणायचं ते तज्ज्ञांनी ठरवावं.

*

जपानी कॉमिक्समध्ये वाचक कोण हे आधीच ठरलेलं असतं. 'शोनेन' म्हणजे मुलग्यांसाठीचं, 'शोजो' म्हणजे मुलींसाठीचं. माझी धाकटी बहीण शोनेनच्या थप्प्या वाचते. मारामारीची पानं भराभर उलटते आणि दोन शत्रूंची दोस्ती होते तिथे थांबून रडते.

*

पत्रवाल्या चिरंजीवांचा किस्सा वाचून राहवलं नाही. माझं वय आता पंचावन्न. आठवीत असताना ताईच्या प्रेमकादंबऱ्या मी चोरून वाचायचो, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात घालून. ती घरी यायच्या आत पुस्तक तिच्या उशाखाली जसंच्या तसं परत. आपण किती हुशार, असं चाळीस वर्षं समजत होतो.

काल तिला फोन करून कबुली दिली. म्हणाली, "अरे, माझी खूण तू दरवेळी भलत्याच पानावर ठेवायचास. एक कादंबरी तर माझी तेव्हाच वाचून झालेली. तुझी होईना, म्हणून महिनाभर उशाखाली ठेवली होती."