मदत हवी आहे : ०४०२ कपॅसिटर एका टोकावर उभा राहतोय

मंडळी, ब्लूटूथ स्पीकरच्या बोर्डावर चार्जिंग आयसीशेजारचा ०४०२ कपॅसिटर बदलायचाय. ०४०२ हा आकाराचा कोड; तुकडा जेमतेम १ मिमी × ०.५ मिमी. जुना शॉर्ट होता. काढल्यावर मल्टिमीटरची बीप थांबली, म्हणजे आयसीवर संशय नाही. सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) पॅड साफ केलेत, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) भरपूर आहे. सोल्डर पेस्ट ६३/३७ची (कथील/शिसं), १८३ अंशांवर वितळणारी.

हॉट एअर ३३० अंशांवर, हवा अगदी मंद. तरी पेस्ट वितळताच कपॅसिटर उभा राहतो. कारण उघड आहे : एक पॅड ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला, तो उशिरा तापतो, आणि आधी वितळलेली बाजू तुकडा ओढून घेते. सोल्डरिंग आयर्नने केलं तर ग्राउंडकडचा सांधा गोळ्यासारखा, निस्तेज राहतो. जास्त वेळ टेकवावं तर पॅड उचकटायची भीती.

प्रीहीटर नाही. बोर्ड खालून १००–१२० अंशांपर्यंत तापवायचा घरगुती पण सुरक्षित उपाय कोणता? बोर्डाच्या मागे प्लास्टिकचं सॉकेट आहे, हे लक्षात घ्या. की ग्राउंड पॅडवर आधी थोडं सोल्डर चढवून, आयर्नच्या सपाट चिझल बिटने (टोकाने) तीच बाजू पहिली धरावी? सध्या टोकदार बिट आहे. उष्णता पोचत नाही ती बहुधा त्यामुळेच.

आणखी एक. नागपुरातल्या मे महिन्यात पेस्ट फ्रिजबाहेर किती तास टिकते? सीताबर्डीत चिझल बिट सुटा मिळतो का? (कूलर बंद करूनच काम चालू आहे, तो सल्ला नको!)