मदत हवी आहे: फ्रीलान्स कॉपीरायटरने नेटवर्किंग मीटिंगना जावं का?

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते. मराठी आणि इंग्रजीत जाहिरातींचा मजकूर लिहिते: ब्रोशर, वेबसाइट, रेडिओ स्पॉट. आजवरची बहुतेक कामं एजन्सीतल्या जुन्या ओळखींतून आली. आता थेट क्लायंट हवे आहेत.

बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) म्हणजे सभासदांनी एकमेकांना कामं मिळवून द्यायची संस्था; तिची माहिती काढली. १९८५ पासूनची संस्था, दर आठवड्याला मीटिंग, एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) एका व्यवसायाचा एकच सभासद. ही अट मला फार आवडली, कारण ग्रुपमध्ये आपल्यापेक्षा कमी भावात लिहून देणारं दुसरं कुणी नसतं. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लबही डोक्यात आहे.

प्रश्न असा की तिथे येणाऱ्या सीए, विमावाल्या, इंटिरियरवाल्या मंडळींना कॉपीरायटर लागतो का? माझ्या मते खरा उपयोग प्रिंटर, वेब डिझायनर आणि फोटोग्राफर यांचा. त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ मजकूर तयार नसतो, आणि काम तिथेच अडतं. असा एक जण जरी नीट ओळखीचा झाला, तरी वर्षभर कामं येत राहतील असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा: वार्षिक फी वसूल व्हायला साधारण किती काळ लागला? चॅप्टर ठाणे-मुलुंडचा बरा, की सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला उतरून बीकेसी गाठणं परवडतं? आणि पहिल्याच भेटीत कुणी ‘एका पानाचे किती?’ विचारलं, तर आकडा सांगता की आधी काम समजून घेता?