लुसिंडा विल्यम्स: ऐकणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी इथे लिहा

धागाकर्ती: लुसिंडा ही अमेरिकन गायिका आणि गीतकार. लुइझियानातल्या लेक चार्ल्सचा १९५३चा जन्म, वडील मिलर विल्यम्स नावाजलेले कवी, आणि गाणं कंट्री नि ब्लूजच्या बांधावरचं. सुरुवात कुठून करावी, गाणी बसवताना कुठे अडतं, ते लिहा. 'अंगावर काटा आला' एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या.

मंद्रसप्तक: सुरुवात १९९८च्या 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'पासून. हा अल्बम वर्षानुवर्षं रखडला. आधीचं रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं, मग निर्माते म्हणून स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी आले, शेवटचा हात रॉय बिटनने फिरवला. तरी तुकडे जोडल्यासारखा वाटत नाही, कारण सगळं आवाजाभोवती बांधलंय. १९७९चा पहिला अल्बम आधी ऐकू नका. त्यात जुनी, इतरांचीच गाणी आहेत. तिची स्वतःची गाणी १९८०च्या 'हॅपी वूमन ब्लूज'पासून.

पाटीपेन्सिल: लिहिणाऱ्यांनी १९८८च्या अल्बममधलं 'चेंज्ड द लॉक्स' वहीत उतरवून बघावं. ध्रुवपद नाही. प्रत्येक कडव्यात ती एक गोष्ट बदलते: कुलूप, फोन नंबर, गाडी, कपडे, मग थेट रेल्वेचे रूळ आणि शेवटी गावाचं नाव! पहिल्या चार गोष्टी कोणीही बदलू शकतं, शेवटच्या दोन कोणालाच शक्य नाहीत. माणूस किती हादरलाय हे त्या उडीतच कळतं, 'मी दुखावले' म्हणावं लागत नाही. नवखे लिहिणारे रुळांची ओळ दुसऱ्याच कडव्यात खर्च करतात आणि मग पुढे चढायला जागा उरत नाही.

स्लाइडवाला: या बाजाच्या सरावासाठी गिटार ओपन जी मध्ये लावा, म्हणजे नुसत्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी. पहिली आणि सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी. बाकी तिन्ही तशाच. म्हणजे जाड तारेकडून डी, जी, डी, जी, बी, डी. तिन्ही तारा सैलच होतात, त्यामुळे तुटायची भीती नाही, पण पातळ संच असेल तर फडफडतात. पहिली तार ०.०१२ इंचाची घ्या. स्लाइडची नळी (बोटात घालून तारांवरून सरकवतात ती) फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, बरोब्बर वर धरायची. नेहमीच्या सवयीने बोट फ्रेटच्या मागे जातं आणि सूर उतरतो. नळीमागची बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर मागच्या भागातून खरखर येते. आणि दाबू नका. तार फ्रेटला लागली की खट्ट वाजलंच.

मंद्रसप्तक: स्लाइडवाले, लयीचंही सांगा की.

स्लाइडवाला: नेहमीचा १२ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) ब्लूज ई मध्ये, कॉर्ड अशा: ई चार बार, ए दोन, ई दोन, मग बी ७, ए, ई, बी ७ एकेक. 'कार व्हील्स'मधलं 'जॉय' मात्र जवळजवळ एकाच रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर) चालतं. त्यात कॉर्ड घुसडू नका, चढउतार जोरातून आणा. गाताना शब्द ठोक्याच्या किंचित मागे. गिटारही मागे सरकली तर तो नुसता ढिसाळपणा. हात ठोक्यावरच हवा.

रात्रपाळी: २०२०च्या 'गुड सोल्स बेटर एंजल्स'चा आवाज खरखरीत, रागीट आहे, हेडफोनवर आवाज बेताचा ठेवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला पक्षाघात झाला, गिटार वाजवणं थांबलं. २०२३च्या अल्बममधली गाणी तिने नवरा टॉम ओव्हरबी, जेसी मॅलिन वगैरेंसोबत मिळून लिहिली. आधीच्या अल्बमशी ताडून ऐकताना हे लक्षात ठेवा. २०२३च्या अल्बममध्ये गिटारचा भार बँडवर आहे, आणि गाणीही थोडी रॉककडे झुकलीत.