मदत हवी आहे: मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज आणि वडिलांचे घोरणे

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ असून त्यांना १७ वर्षांपासून मधुमेह आहे. आम्ही परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या एका गावात राहतो. दिवाळीनंतर त्यांना डाव्या डोळ्याने वाचताना ओळी मधेच वाकड्या दिसू लागल्या. छत्रपती संभाजीनगरला दाखवले, तेव्हा ओसीटी तपासणीत (प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र घेतात ती) पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली. आतापर्यंत डोळ्यात चार इंजेक्शने झाली. सूज उतरते आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा येते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४ टक्के आहे आणि रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे, त्यामुळे सगळे खापर साखरेवर फोडता येत नाही.

मागच्या खेपेस डॉक्टरांनी विचारले, “हे रात्री घोरतात का?” आम्हांला हसूच आले. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की वडिलांचे घोरणे तिसऱ्या घरापर्यंत जाते, आणि घोरणारा माणूस म्हणजे सुखाने झोपलेला, असाच आमच्याकडे समज. आईने मात्र तेथेच सांगितले, की मधेच आवाज पूर्ण थांबतो, छाती हलत राहते पण श्वास येत नाही, आणि मग ते दचकून मोठा श्वास घेतात. इतकी वर्षे ती उठून त्यांना कुशीवर वळवत होती, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. दिवसा ते पारावर बसल्या बसल्या पेंगतात.

डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, सुचवली आहे. श्वासाचा आणि पडद्याचा खरोखर संबंध असतो का? झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे मशीन (सीपॅप) लावल्यास इंजेक्शने थांबतील का? आणि रात्री वीज जाते अशा गावात ते मशीन चालवायचे कसे?

प्रतिसाद १
मी लातूरला फिजिशियन आहे. रुग्ण न पाहता उपचार सांगणार नाही, परंतु आपल्या आईंनी केलेले वर्णन स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडकण्याच्या आजाराचे, वाटते आणि तपासणी टाळू नये. झोपेत किमान १० सेकंद श्वास थांबणे किंवा बराच मंदावणे असे प्रसंग तासाला किती येतात, हे त्यात मोजतात. ५ च्या पुढे आजार आणि ३० किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात.

संबंधाचे म्हणाल, तर डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू फार लागतो, आणि अंधारात त्यातील दंडपेशींची (मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींची) गरज उलट वाढते. नेमक्या त्याच वेळी रक्तातील प्राणवायू वारंवार घसरला, तर मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या केशवाहिन्यांवर ताण येतो आणि व्हीईजीएफ नावाचे प्रथिन वाढू शकते. त्याने वाहिन्या पाझरतात. आपल्या वडिलांना दिलेली इंजेक्शने बहुधा याच प्रथिनाला अडवणारी असतील. शिवाय श्वास अडकला की रात्री रक्तदाब उसळतो, जो दिवसा दवाखान्यात मोजताना सापडत नाही.

मात्र मशीनने सूज जाईल, अशी आशा लावून घेऊ नका. ब्रिटनमध्ये ॲप्निया आणि मधुमेही सूज दोन्ही असलेल्या १३१ रुग्णांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सीपॅपमुळे वर्षभरात दृष्टीत लक्षणीय फरक पडला नाही. अर्थात त्यांचा मशीनचा सरासरी वापरही रात्री चार तासांहून कमी होता. म्हणून मशीन झोपेसाठी आणि रक्तदाबासाठी घ्यावे, पण इंजेक्शनची तारीख त्याच्या भरवशावर चुकवू नये. आणि पेंग येत असेपर्यंत त्यांना मोटारसायकल चालवू देऊ नका.

प्रतिसाद २
माझे सासरे मशीन इन्व्हर्टरवर वापरतात. हवा ओलसर करणारे तापते भांडे बंद ठेवले, तर वीज बरीच कमी लागते. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळते का, ते विचारा; आमच्याकडे मास्क नाकावर नीट बसायलाच तीन आठवडे गेले.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. डोळ्यांची तारीख ठरल्याप्रमाणेच ठेवतो, आणि स्लीप स्टडी घरी करता येते का, हे त्याच फेरीत विचारून येतो. आईलाही सोबत नेत आहे, कारण रात्रीचे खरे साक्षीदार तीच आहे.