12 बिटचा नवा स्कोप: उद्यमबागेतल्या दुरुस्तीच्या टेबलावर त्याची गरज आहे का?

मच्छेकर
बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, अनगोळ भागात ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनची) कार्ड दुरुस्त करणारी पोरं अजून रिगोल कंपनीचा जुना 1054झेड स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) सेकंडहँड शोधत असतात. माझं स्पष्ट मत आहे, आता तो घेऊ नये. त्याच कंपनीचा 2023 साली आलेला डीएचओ 804 घ्यावा. जुना 8 बिटचा, म्हणजे उंचीचे 256 भाग. नवा 12 बिटचा, 4096 भाग. पडद्यावर 8 व्होल्ट मावतील असं सेटिंग ठेवलं तर जुन्यात एक पायरी 31 मिलिव्होल्टची, नव्यात 2 मिलिव्होल्टची. 5 व्होल्ट लाइनवरचा 15 मिलिव्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) जुन्याच्या एका पायरीतच गडप होतो. नव्यातली मेमरी 25 दशलक्ष सॅम्पल, म्हणजे मोजलेले बिंदू. एकच चॅनल (इनपुट) चालू ठेवून सेकंदाला 1.25 गिगासॅम्पलच्या पूर्ण वेगाने धरलं तर बरोबर 20 मिलिसेकंद, आपल्या 50 हर्ट्झ मेनची एक अख्खी सायकल. जुन्यातली मूळ 12 दशलक्षांची मेमरी 1 गिगासॅम्पलला 12 मिलिसेकंदांतच भरते.

उद्यमबागेतला
सर, हिशेब बरोबर मांडलासा, पण रिपल बघायला एसी कपलिंग असतं की ओ. डीसी बाजूला टाका, 10एक्स प्रोब (सिग्नल दहापट लहान करणारी मोजायची तार) ठेवून 10 मिलिव्होल्ट पर डिव्हिजन, म्हणजे पडद्याच्या उभ्या आठ घरांपैकी एका घराला 10 मिलिव्होल्ट करा, 8 बिटमध्येही पायरी 0.3 मिलिव्होल्टवर येते. रिपल म्हणून जो कचरा दिसतो त्यातला बराचसा प्रोबच्या लांब अर्थ क्लिपने गोळा केलेला असतो. क्लिप काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावा आणि 20 मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट (त्यावरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारं) चालू करा, मग बोला.

आणि आमचं खरं काम 415 व्होल्टच्या ड्राइव्हवर. आत डीसी बस, म्हणजे मेनचं डीसी करून फिरवलेली लाइन, साधारण 580 व्होल्ट. बसच्या निगेटिव्हला अर्थ क्लिप लावली की मेनचा करंट स्कोपच्या अर्थमधून धावतो. प्रोब, ब्रिज, कधी स्कोपसुद्धा जातो. म्हणून पोरं प्लगची अर्थ पिन मोडतात, आणि मग स्कोपच्या बीएनसीचं (प्रोब जोडायच्या सॉकेटचं) कडं, यूएसबीचं धातू, सगळं जिवंत होतं. हे मी आजूबाजूला बघतोय आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. तुमचा नवा स्कोप तर यूएसबी-सीवर चालतो. अॅडॉप्टर दोन पिनांचा लावला तर पिन मोडायचीही गरज नाही, स्कोप आपोआप तरंगता, म्हणजे अर्थविना! आधी डिफरेन्शिअल प्रोब (अर्थ क्लिप न लावता दोन टोकांतला फरक मोजणारा) घ्या, बिट मागाहून मोजू.

मच्छेकर
प्रोबबद्दल दुमत नाही. अॅडॉप्टर कुठलाही असो, सप्लाय बंद ठेवून बीएनसीच्या कड्यापासून अर्थपर्यंत मल्टिमीटरचा बीप घ्यावा. नाही आला तर स्कोपला वेगळं अर्थिंग द्यावं.

पण एसी कपलिंगने सगळं भागतं हे मान्य नाही. सीएनसीच्या 24 व्होल्ट सप्लायचं बघा. ब्रेकचं कॉइल ओढलं की लाइन 200 मिलिव्होल्टने खाली बसते आणि कंट्रोलर रीसेट होतो, कधी होतो, कधी नाही. हा सावकाश बदल एसी कपलिंग वाकडा करून टाकतं. ऑफसेट देऊन चित्र खाली सरकवलं तर सप्लाय शून्यापासून चढतानाचा भाग पडद्याबाहेर जातो. 4 व्होल्ट पर डिव्हिजनवर 8 बिटची पायरी 125 मिलिव्होल्ट, म्हणजे तो खड्डा दोन पायऱ्याही नाही. 12 बिटमध्ये पायरी 8 मिलिव्होल्ट, खड्ड्यात पंचवीसेक पायऱ्या. एकदा कॅप्चर करा आणि नंतर झूम करून निवांत शोधा. अशा लपाछपी खेळणाऱ्या फॉल्टवरच तर गिऱ्हाईक दोन-दोन आठवडे तिष्ठत बसतं.

खानापूर लाइन
नव्याच्या मर्यादाही सांगा की. 1.25 गिगासॅम्पल एकाच चॅनलला. दोन लावले की 625, चारही लावले की 312.5 मेगासॅम्पल. 70 मेगाहर्ट्झच्या सिग्नलला सायकलमागे जेमतेम साडेचार सॅम्पल मिळतात. चालतं, पण जाहिरातीतला आकडा तो नव्हे. 50 ओहमचं इनपुट नाही, त्यामुळे आरएफवाल्यांनी (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं काम करणाऱ्यांनी) टर्मिनेटर, म्हणजे 50 ओहमचा जोड, वेगळा घ्यावा. आत अँड्रॉइड असल्यामुळे सुरू व्हायला वेळ लागतो, फॅनचा आवाजही आहे. मोबाईलच्या साध्या चार्जरवर चालत नाही हेही ध्यानात ठेवा.

निपाणीचा
दोघंही टेबलावरचा स्कोप धरून बसलाय. साइटवर पॅनेलमध्ये हात घालायचा असेल तर आयसोलेटेड चॅनलचा (एकमेकांपासून आणि अर्थपासून तोडलेल्या इनपुटचा) हँडहेल्ड स्कोप घ्या, फ्लूक 190सारखा. महाग आहे, पण क्लिप कुठं लावू ही धास्ती राहत नाही.

उद्यमबागेतला
निपाणीच्या मामांचं बरोबर, पण नव्यानं शटर उघडणाऱ्या पोराला ते पैसे कुठले?

मच्छेकर सर, 24 व्होल्टच्या खड्ड्याचं पटलं. कंट्रोल कार्डच्या कामाला 12 बिट कामाचा. ड्राइव्हच्या पॉवर बाजूला मात्र नाही, यावर मी ठाम आहे. डिफरेन्शिअल प्रोब सिग्नल 500 पट लहान करतो, वर स्वतःचा नॉईज घालतो, त्यात शेवटचे बिट बुडतात. 800 व्होल्टच्या पडद्यावर 8 बिटची पायरी 3 व्होल्टची. 580 व्होल्टची बस तपासायला तेवढं भरपूर आहे. नुसतं ड्राइव्हचं काम करणाऱ्यानं जुना 8 बिटचा घ्यावा आणि उरलेले पैसे प्रोबला घालावेत. कार्डांचं काम जास्त असेल तर 804 घ्या, पण प्रोब हातात येईपर्यंत पॉवर बाजूचा जॉब घेऊ नका.